एकच ‘गाऱ्हाणं’, तरी डब्ल्यूसीएसकंपला ते वेगळं का वाटतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोकणातल्या बोलीतल्या शब्दांचा एक छोटा कोश तुम्ही सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत करताय. शब्द एका मजकूर फाइलमध्ये आहेत. काही तुम्ही कुडाळला लॅपटॉपवर टाइप केले, काही मामेबहिणीने आजीकडून ऐकून मोबाइलवर लिहिले, आणि उरलेले कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून कन्व्हर्ट होऊन आले. शब्द टाइप केला की अर्थ दिसायला हवा. आधी तुम्ही दोन स्ट्रिंग, म्हणजे मेमरीतल्या अक्षरांच्या माळा, दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडून पाहिल्या, त्या कधीच जुळल्या नाहीत. मग साध्या स्ट्रिंग ताडणारं स्ट्रकंप हे फंक्शन लावलं, तर भलतेच शब्द जुळायला लागले. शेवटी वाइड कॅरेक्टरच्या स्ट्रिंग ताडणारं डब्ल्यूसीएसकंप लावल्यावर ‘माड’, ‘व्हाळ’, ‘सोलकढी’ सापडले, पण ‘गाऱ्हाणं’ आणि ‘पऱ्या’ काही केल्या सापडत नाहीत. शिवाय यादी क्रमाने लावली की ‘काळुंदर’ ‘कावळा’च्या आधी येतं. या फंक्शनमध्ये बग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

बग नाही. डब्ल्यूसीएसकंप सांगितलेलं काम चोख करतंय. अडचण अशी की ‘हे दोन शब्द सारखे आहेत का’ या एका वाक्यात तुम्ही निरनिराळे प्रश्न एकत्र विचारताय आणि ते फंक्शन त्यातल्या एकाचंच उत्तर देऊ शकतं. दोन्ही एकाच जागी आहेत का, हा एक प्रश्न. दोन्हींतले आकडे तेच आहेत का, हा दुसरा (संगणक प्रत्येक अक्षर आकडा म्हणून साठवतो). वाचणाऱ्याला दोन्ही एकच शब्द वाटतात का, हा तिसरा. आणि कोशात आधी कोण, हा आणखी निराळा. मी रत्नागिरीत बावीस वर्षं सी लिहितोय, सहकारी संस्थांची रजिस्टरं आणि वजनकाट्याला जोडलेली पावतीची यंत्रं हे माझं रोजचं काम. मराठी नावांच्या बाबतीत या प्रश्नांची सरमिसळ झाली की काय होतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय.

दुहेरी बरोबरचं चिन्ह लवकर आटपू. सी मध्ये स्ट्रिंगचं नाव म्हणजे तिच्या पहिल्या अक्षराचा पत्ता. ते चिन्ह पत्ते ताडतं. मालवणातल्या आणि देवगडातल्या दोन घरांत भिंतीवर एकच कॅलेंडर असलं तरी घरांचे पत्ते वेगळे ते वेगळेच. म्हणून ते कधी जुळलं नाही.

स्ट्रकंपची गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे, कारण ती यंत्रागणिक वेगळी फसते. वाइड कॅरेक्टर म्हणजे एका अक्षराचा आकडा ठेवायचा मोठा कप्पा, सी मधलं त्याचं नाव डब्ल्यूकॅर-टी. लिनक्सवर तो ४ बाइटचा असतो. युनिकोड या अक्षरांना आकडे देणाऱ्या जागतिक तक्त्यात ‘क’चा आकडा २३२५. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरवर तो मेमरीत असा बसतो: २१, ९, ०, ०. स्ट्रकंप एकेक बाइट वाचतं आणि शून्य दिसलं की स्ट्रिंग संपली असं समजतं. म्हणजे त्याने २१ पाहिला, ९ पाहिला, शून्य पाहिलं आणि काम थांबवलं. त्याने फक्त पहिलं अक्षर वाचलं. त्याच्या लेखी ‘काजू’, ‘कुडाळ’ आणि ‘कालवं’ एकच. तुमचे भलतेच शब्द जुळत होते ते यामुळे.

विंडोजवर डब्ल्यूकॅर-टी २ बाइटचा. तिथे ‘क’ म्हणजे नुसते २१ आणि ९. मधे शून्य येतच नाही, त्यामुळे स्ट्रकंप शब्दाच्या शेवटापर्यंत नीट चालतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग एक दिवस शब्दात जागा येते. स्पेसचे बाइट ३२ आणि ०, तिथे ते थांबतं, आणि ‘आंबा हापूस’ व ‘आंबा पायरी’ एकच ठरतात. ही चूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती चाचणीत दिसत नाही, गिऱ्हाइकाकडे गेल्यावर दिसते. कंपायलर याबद्दल आधीच ओरडतो. जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून तर ही थेट एररच आहे. तुम्ही बहुतेक कास्ट टाकून, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदलून, ती गप्प केली असणार. पॉइंटरचा, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलाचा, प्रकार जुळत नाही असं कंपायलर म्हणत असेल तर कास्ट टाकायच्या आधी थांबून बघत जा, एवढी एकच सवय अंगी लावलीत तरी पुष्कळ त्रास वाचेल. मेमरीतले तुकडे बाइटने ताडणाऱ्या मेमकंपचंही तसंच. सारखं आहे का एवढं ते बरोबर सांगेल, पण लहान-मोठं ठरवताना बाइटच्या क्रमामुळे फसेल. त्यासाठी डब्ल्यूमेमकंप आहे.

डब्ल्यूसीएसकंप १९९५ च्या दुरुस्तीने सी च्या मानकात आलं. ते दोन्ही स्ट्रिंगमधले वाइड कॅरेक्टर जोडीजोडीने घेतं आणि पहिला फरक सापडला की थांबतं. पहिली लहान असेल तर ऋण, मोठी असेल तर धन, आणि शेवटपर्यंत फरक नसेल तर शून्य. शून्य म्हणजे सारखी, हे उलटं वाटतं म्हणून अटीत नेहमी ‘बरोबर शून्य’ असं पूर्ण लिहा. उत्तर १ किंवा उणे १ च येईल असं धरू नका, मानक फक्त चिन्हाची हमी देतं. एवढंच ते फंक्शन. त्याला मराठी येत नाही, भाषा म्हणजे काय हेही माहीत नाही. त्याला आकडे माहीत आहेत.

आता ‘गाऱ्हाणं’कडे येऊ. मी तुमच्या जागी असतो तर पहिली गोष्ट ही केली असती: फाइलमधून आलेला शब्द आणि टाइप केलेला शब्द, दोन्हींतल्या प्रत्येक वाइड कॅरेक्टरचा आकडा स्क्रीनवर छापायचा. चार ओळींचा लूप. स्क्रीनवरचं अक्षर बघून या प्रश्नाचा छडा लागत नाही, कारण डोळ्याला दोन्ही तंतोतंत तेच दिसतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याने लिहिलेलं ‘गाऱ्हाणं’ असं छापलं जाईल:

२३२७ २३६६ २३५३ २३८१ २३६१ २३६६ २३३९ २३०६

हे आठ आकडे. ग, काना, ऱ, हलन्त, ह, काना, ण, अनुस्वार. आता जुन्या कन्व्हर्टरमधून आलेला तोच शब्द बहुधा असा दिसेल:

२३२७ २३६६ २३५२ २३८१ ८२०५ २३६१ २३६६ २३३९ २३०६

इथे नऊ झाले. ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’ आहे, आणि हलन्तानंतर ८२०५ आहे. हा झिरो विड्थ जॉइनर, रुंदी नसलेला जोडक. ‘र्’पुढे तो आला की फॉन्ट रफार न काढता तीच चंद्रकोरीसारखी रेघ काढतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ही रेघ अशी लिहायची पद्धत होती, ती जुन्या मजकुरासाठी अजून चालू ठेवलीय. तिसरा प्रकारही भेटतो, त्यात ‘र’ (२३५२) आणि त्याला खाली नुक्ता (२३६४) असे दोन तुकडे असतात, मग हलन्त. तेही नऊच.

तिन्ही पडद्यावर एकसारखे. डब्ल्यूसीएसकंप तिसऱ्या जोडीला पोचतं, एकीकडे २३५३ दिसतो, दुसरीकडे २३५२, आणि ‘पहिला मोठा’ असं सांगून परत येतं. बरोबरच आहे त्याचं. आणि आपल्याकडे ही रेघ जागोजाग आहे: पऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्याला, तऱ्हा, गाऱ्हाण्यापासून सुऱ्यापर्यंत सगळीकडे. हिंदीसाठी लिहिलेल्या उदाहरणांत हा प्रश्न दिसत नाही, म्हणून तिथली उत्तरं वाचून तुम्हाला तो सापडला नसणार.

माझ्याकडे हे कसं आलं ते सांगतो. आंबा बागायतदारांच्या एका संस्थेसाठी मी पेट्यांच्या नोंदीचा प्रोग्राम लिहिला होता. एका सभासदांच्या आडनावात ‘ऱ्ह’ होता. सभासद रजिस्टर जुन्या फाइलवरून आलेलं, आणि काट्यावर बसणारा मुलगा नाव नव्या कीबोर्डने टाइप करायचा. प्रोग्रामला नाव सापडलं नाही की तो नवीन खातं उघडायचा, तसं मीच लिहिलं होतं. हंगाम संपल्यावर ते गृहस्थ सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. त्यांच्या पेट्या दोन खात्यांत वाटल्या गेल्या होत्या आणि पैसे एकाच खात्याचे मिळाले होते. दोन्ही खाती छापून शेजारी ठेवली, नावात काडीचा फरक दिसेना. त्या रात्री आकडे छापले तेव्हा ८२०५ दिसला. पैसे त्यांना पूर्ण मिळाले, पण एका माणसाला आपल्याच घामाच्या पेट्या सिद्ध कराव्या लागल्या हे मला आजही बोचतं. तेव्हापासून नावाची तुलना हा विषय मी कधी हलका धरत नाही.

यावर उपाय तुलनेच्या ओळीत शोधू नका. तिथे अटींवर अटी चढतात आणि एखादी कुठेतरी राहतेच. शब्द प्रोग्रामच्या आत येतो तिथेच त्याला एका रूपात आणा, फाइलमधून येवो की कीबोर्डवरून. प्रत्येक शब्दाच्या दोन प्रती ठेवा: एक जशी आली तशी, दाखवण्यासाठी, आणि दुसरी साफ केलेली, फक्त जुळवण्यासाठी. दुसरीला मी ‘किल्ली’ म्हणतो. मग किल्ल्यांवर साधं डब्ल्यूसीएसकंप पुरतं.

साफ करताना मी काय करतो ते क्रमाने सांगतो. ओळीच्या शेवटचं न्यूलाइन, म्हणजे १०, काढतो, कारण फाइलमधून ओळ वाचणारं एफगेटडब्ल्यूएस ते आत ठेवतं. विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर वाचत असाल तर त्याआधीचा १३ सुद्धा. फाइलच्या अगदी सुरुवातीला ६५२७९ असेल तर तो काढतो, हा बीओएम, फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण. काही एडिटर तो गुपचूप टाकतात आणि मग यादीतला पहिलाच शब्द कधी सापडत नाही. १६० हा न तुटणारा स्पेस, त्याला ३२ करतो. ‘र’ आणि नुक्ता लागोपाठ आले तर ‘ऱ’. ‘र’, हलन्त आणि ८२०५ लागोपाठ आले तर ‘ऱ’ आणि हलन्त. हे झाल्यावरच उरलेले ८२०५ आणि ८२०४ (अक्षरं न जोडण्याची तशीच अदृश्य खूण) गाळतो. क्रम उलटा केलात तर जोडक आधी गळून जाईल आणि ‘गाऱ्हाणं’चं ‘गार्हाणं’ होऊन बसेल. शेवटी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’, म्हणजे २३०९ आणि २३७३, याचा एकसंध २४१८ करतो. हा एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीचा मजकूर दोन तुकड्यांचाच सापडतो.

कुणी म्हणेल, युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धत, वापर की. जरूर वापरा, सी च्या मानक लायब्ररीत ते नाही, आयसीयू ही वेगळी लायब्ररी घ्यावी लागेल. पण ते पुरेसं नाही. नॉर्मलायझेशनचं एनएफसी नावाचं रूप ‘र’ आणि नुक्त्याचा ‘ऱ’ करून देतं. जोडकवाल्या रूपाला मात्र ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबात ती दोन रूपं समतुल्य नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. म्हणजे मराठीच्या या दोन गोष्टी तुम्हाला हातानेच कराव्या लागतात. आणि एनएफसी म्हणजे नेहमी तुकडे जोडणं असंही नाही, ‘क़’, ‘ज़’ ही नुक्त्याची अक्षरं ते उलट फोडून ठेवतं.

एक मर्यादा पाळा. ‘कोंकण’ आणि ‘कोकण’, किंवा मालवणीतल्या शब्दाच्या शेवटचा अनुस्वार, यांना किल्लीत एक करू नका. तो लेखनातला फरक आहे, टंकनातला नाही, आणि बोलीच्या कोशात तोच फरक मोलाचा असतो. शोधताना सवलत द्यायची असेल तर तिच्यासाठी वेगळी, ढिली किल्ली करा आणि आधी नेमकी जुळते का ते बघून मगच तिच्याकडे जा.

आता क्रम. देवनागरीचे युनिकोड आकडे इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतपद्धतीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेले आहेत, त्यामुळे ते वर्णमालेच्या बरेच जवळ जातात. मात्रा व्यंजनांनंतर, हलन्त मात्रांनंतर, म्हणून ‘माड’ आधी आणि ‘म्हातारी’ नंतर, हे आपोआप जमतं. बिघडतं ते ‘ळ’पाशी. ल २३५४, ळ २३५५, व २३५७, ह २३६१. डब्ल्यूसीएसकंपने लावलेली यादी अशी येते: काजू, कालवं, काळुंदर, कावळा, काहिली. आपण शाळेत म्हटलेली वर्णमाला ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपते, त्या क्रमाने काळुंदर सगळ्यात शेवटी हवं. ‘क्षेत्रपाळ’ही डब्ल्यूसीएसकंप ‘क’च्या शब्दांत घालतं, कारण त्याला ते क, हलन्त, ष असेच दिसतात.

भाषेच्या क्रमासाठी मानकात डब्ल्यूसीएसकोल आहे. पण प्रोग्राम सुरू होताना ‘सी’ नावाच्या लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे एखाद्या भाषेच्या नियमांचा संच) असतो आणि तिथे हा क्रम आकड्यांचाच राहतो. सेटलोकेलने क्रमाचा विभागही बदलावा लागतो. तुम्ही फाइल वाचता यावी म्हणून फक्त अक्षरांचा विभाग बदलला असेल तर डब्ल्यूसीएसकोल लावूनही यादी जशीच्या तशी राहील. सेटलोकेलचं उत्तर नल आलं का तेही तपासा, मशीनवर मराठी लोकेल बसवलेलं नसेल तर ते नल देतं आणि प्रोग्राम निमूट पुढे चालतो. शिवाय हा क्रम लोकेलच्या तक्त्यावर अवलंबून असतो आणि तक्ते बदलतात. २०१८ साली लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, म्हणजे ग्लिबसीच्या, २.२८ आवृत्तीत ते मोठ्या प्रमाणावर बदलले तेव्हा जुन्या क्रमाने साठवलेले डेटाबेसचे इंडेक्स चुकीचे ठरले होते. म्हणून डब्ल्यूसीएसकोलने लावलेला क्रम फाइलमध्ये साठवून त्यावर बायनरी सर्च करू नका. सुरुवातीला दर वेळी नव्याने लावा. शब्द हजारोंनी असतील तर डब्ल्यूसीएसएक्सफर्मने प्रत्येक शब्दाचं रूपांतर एकदाच करून ठेवा, मग त्या रूपांवर डब्ल्यूसीएसकंप वेगाने चालतं.

तुमच्या कोशासाठी मी लोकेलच्या भरवशावर राहिलो नसतो. क्रम हा कोशाच्या संपादकाचा निर्णय आहे. ‘क्ष’ शेवटी ठेवायचा की ‘क’च्या जोडाक्षरांत, हे तुम्ही आणि तुमच्या आजीने ठरवायचं. ठरलं की वजनांचा छोटा तक्ता करा: प्रत्येक अक्षराला एक आकडा, ‘ळ’चा ‘ह’नंतर, मात्रांचे सगळ्या व्यंजनांनंतर, आणि क, हलन्त, ष लागोपाठ दिसले की तिन्हींना मिळून एक आकडा. शब्दाच्या किल्लीवरून ही दुसरी, क्रमाची किल्ली बनवा आणि तिच्यावर डब्ल्यूसीएसकंप चालवा. ती कुठल्याही मशीनवर तोच क्रम देईल. दोन शब्दांची क्रमाची किल्ली सारखी निघाली तर मूळ शब्दांवर डब्ल्यूसीएसकंप करून आधी कोण ते ठरवा, म्हणजे क्यूसॉर्ट हे क्रम लावणारं फंक्शन दर वेळी तीच यादी देईल. क्यूसॉर्टला दिलेल्या फंक्शनमध्ये पॉइंटरचा पॉइंटर येतो, थेट स्ट्रिंग येत नाही, तिथेही पुष्कळ जण अडखळतात. आणि तिथे आकड्यांची वजाबाकी करून उत्तर परत पाठवू नका. डब्ल्यूकॅर-टी काही यंत्रांवर चिन्हासहित असतो, काहींवर चिन्हाशिवाय. लहान की मोठा हे सरळ ताडा.

वाइड कॅरेक्टर वापरायचेच का, हे मात्र परिस्थितीवर आहे. फाइलमध्ये ते जसेच्या तसे कधीच लिहू नका, तुमच्या ४ बाइटच्या फाइलचं विंडोजवाल्या मित्राकडे काहीच होणार नाही. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोड आकडे बाइटांत लिहायच्या सर्वमान्य पद्धतीतच, ठेवा. माझ्या पावतीच्या यंत्रांत मी आतही यूटीएफ-८ ठेवतो आणि साधं स्ट्रकंप वापरतो. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की बाइटचा क्रम आणि युनिकोड आकड्यांचा क्रम एकच येतो. पण तुम्हाला अक्षरागणिक तपासून ‘ऱ’ जुळवायचाय आणि वजनं द्यायचीत, तिथे एका आकड्याला एक कप्पा हे वाइड कॅरेक्टरमध्ये सोपं जातं. मराठीला लागणारी सगळी देवनागरी ६५,५३५ च्या आत असल्याने विंडोजचे २ बाइटही पुरतात. तुमच्या कोशाला मी वाइडच ठेवलं असतं.

आत्ता एवढं करा. कोशातलं ‘पऱ्या’ आणि तुम्ही टाइप केलेलं ‘पऱ्या’, दोन्हींचे आकडे छापून शेजारी ठेवा. एकीकडे २३५३ आणि दुसरीकडे २३५२ व पुढे ८२०५ दिसलं तर वरची साफसफाई लगेच लागू पडेल. दोन्हीकडे २३५३ च असेल तर शेवटचा आकडा बघा, तिथे १० किंवा १३ असेल. यातलं काहीच नसेल तर ते दोन्ही आकड्यांचे गट मला पाठवा, शब्द पाठवू नका, कारण पाठवताना वाटेतच कुणीतरी ते दुरुस्त करून टाकतं.